आप्पांच्या पुस्तकातून आज कोण गेलं?

"मॅडम, तो तात्या काढून टाका."

फोनवर न्हावऱ्याचे आप्पा होते. शिरूरच्या ऑफिसचं शटर मी नुकतंच वर केलं होतं. कॉम्प्युटरही अजून सुरू झाला नव्हता.

"कुठून काढू, आप्पा?"

"पुस्तकातनं. नदीतनं म्हैस काढली त्या पानावर हाय बघा. शेपूट धरून उभा हाय."

"अहो, पण पुस्तक विकलं गेलंय. लोकांच्या मोबाईलमध्ये पोचलंय."

"मंग काय झालं? मिलिंद सर म्हनलं, बदलता येतंय. कागदाचं थोडंच हाय?"

मागून आक्कांचा, म्हणजे आप्पांच्या बायकोचा आवाज आला, "आधी न्याहारी करा, मंग काढा कुनाला काढायचं त्याला."

"तू गप," आप्पा म्हणाले आणि मला म्हणाले, "आजच काढा."

माझं काम ई-बुकं बनवण्याचं. लेखकाची फाइल येते, ती मी मोबाईलवर नीट वाचता येईल अशी करते. प्रकरणं पाडायची, फोटो बसवायचे, अनुक्रमणिकेत बोट ठेवलं की ते प्रकरण उघडलं पाहिजे, असलं सगळं. पुण्यातल्या एका प्रकाशनासाठी मी हे शिरूरमध्ये बसून करते. एस.टी. स्टँडच्या मागे मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, त्याच्या वरच्या खोलीत. खाली दिवसभर मोटारी घुमत असतात, त्यामुळे माझा आवाज थोडा चढाच असतो. लोकांना वाटतं मी भांडतेय. बहुतेक वेळा भांडतच असते, ते वेगळं.

आप्पा म्हणजे गावच्या दूध डेअरीचे चेअरमन. कांदा, ऊस, गोठा, सगळं व्यवस्थित. मनाने लोणी आणि रागाने फटाक्याची माळ. त्यांनी आत्मचरित्र लिहिलं, 'कॅनपासून टँकरपर्यंत'. ते आम्ही ई-बुक म्हणून काढलं. आमच्या प्रकाशनाचं स्वतःचं ॲप आहे. डेअरीच्या काउंटरवर क्यूआर कोड लावला. दूध घालायला आलेला माणूस कोड स्कॅन करून चहा-वड्याच्या किमतीत पुस्तक विकत घ्यायचा. चेअरमननी लिहिलंय म्हटल्यावर आपण आहोत का ते बघायला सगळ्यांनीच घेतलं.

आता बदलायची सोय म्हणजे काय ते सांगते. छापील पुस्तकात चूक राहिली की शुद्धिपत्र नावाची चिठ्ठी आत ठेवतात आणि ती कुणी वाचत नाही. ई-बुकात आम्ही आमच्याकडची मूळ फाइल दुरुस्त करतो आणि एक बटण दाबतो. त्याला आम्ही 'पुश' म्हणतो. ज्यांनी पुस्तक विकत घेतलंय, त्यांचा मोबाईल नेटला लागला की जुनं पुस्तक जातं आणि त्याच जागी नवं येतं. वाचकाला कुणी विचारत नाही. त्याची खूणसुद्धा जिथे होती तिथेच राहते. सोय चांगली आहे. फोटो उलटा लागला असेल तर सुलटा करायला ती केलेली आहे. माणसं गायब करायला नव्हे.

मी मिलिंद सरांना फोन केला. हे आमचे प्रकाशक. पुण्यात बसतात, सगळ्यांशी मऊ बोलतात आणि कुणालाही नाही म्हणत नाहीत.

"सर, असं करायचं का? लोकांनी पैसे देऊन पुस्तक घेतलंय."

"अरुणा, लोकांनी पुस्तक घेतलेलं नाही. वाचायचं लायसन्स घेतलंय. टर्म्समध्ये आहे."

"टर्म्स कोण वाचतं?"

"आपण लिहितो ना, तेवढं पुरे. आप्पांना दुखवू नको. त्यांच्या मागे आणखी चार चेअरमन आत्मचरित्र घेऊन उभे आहेत."

मी तात्यांना काढलं.

काढलं म्हणजे नुसतं नाव खोडून चालत नाही. मूळ मजकूर असा होता: घोड नदीला पाणी आलं, म्हैस मधोमध अडकली, आप्पांनी गळ्यातला दोर धरला, तात्यांनी शेपूट धरली आणि दोघांनी मिळून तिला काठाला आणली. आता तात्या गेल्यावर शेपूट मोकळी राहिली. आप्पांना विचारलं तर म्हणाले, "शेपूट पन मीच धरली असं करा." दोर पुढे आणि शेपूट मागे. मधे अख्खी म्हैस. पण लेखक म्हणतो म्हटल्यावर मी लिहिलं, 'एका हाताने दोर आणि दुसऱ्या हाताने शेपूट धरून मी म्हैस काठाला आणली.' पुश केलं आणि चहा मागवला.

तात्यांचा गुन्हा काय, ते मला नंतर कळलं. आप्पांचा बैल लंगडतोय, असं ते चारचौघांत म्हणाले होते. बैल खरंच लंगडत होता.

मला वाटलं, एवढ्यावर भागेल. कसलं भागतंय! आप्पांना आता सोय कळली होती. पूर्वी कुणावर रागावले तर चार दिवस बोलायचे नाहीत, मग आपणच त्याच्या दारात जाऊन चहा प्यायचे. आता रागावले की मला फोन. गुरांच्या डॉक्टरांनी फोन उचलला नाही, डॉक्टर काढा. दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः येऊन गाय तपासून गेले, डॉक्टर परत घाला. ग्रामपंचायतीत कुणी हात वर केला नाही, काढा. कांद्याच्या चाळीवरून भावकीत बोलाचाली झाली, एका दमात तिघे काढा.

कबड्डीच्या प्रकरणाची तर दशा झाली. तालुक्याची फायनल आप्पांच्या टीमने जिंकली होती. टीममधला एकेक गडी आप्पांच्या रागात सापडत गेला. मी गडी कमी करत गेले. शेवटी आप्पा एकटे मैदानात उतरले आणि एकट्याने फायनल जिंकले. मी फोन करून म्हटलं, "आप्पा, एकट्याची टीम नसते." ते म्हणाले, "वाचनाऱ्याला समजून घेता आलं पायजे."

मग ज्या मामांनी त्यांचं लग्न जुळवलं होतं, त्यांनी डेअरीच्या मीटिंगमध्ये प्रश्न विचारला. मामा गेले. स्थळ कुणी आणलं, मुलगी बघायला कोण गेलं, बोलणी कुणी केली, सगळं त्यांच्याबरोबर गेलं. उरलेलं वाक्य असं झालं: 'मी शेतातून घरी आलो आणि माझं लग्न झालं.'

इकडे न्हावऱ्यात वेगळंच सुरू झालं होतं. मला ते समजलं, कारण माझी मावसबहीण तिथे असते आणि सकाळी दूध घालायला जाते. डेअरीत रांग लागते, फॅट मोजेपर्यंत माणसाला उभं राहावं लागतं. त्या वेळात पूर्वी लोक उसाच्या तोडीबद्दल बोलायचे. आता सगळे मोबाईल काढून उभे. पहिला प्रश्न, "आज कोन गेलं?"

"डॉक्टर आलं का परत?"

"आलं की. पन गाय येगळी झाली."

ज्याचं नाव गेलं त्याच्या घरी लोक भेटायला जाऊ लागले. एकाच्या घरी तर शेजारणीने, दुखवट्याला नेतात तशी, चहासाखर नेली. एक जण पहिल्यापासून पुस्तकात नव्हताच, तो मिशीला पीळ देऊन फिरायचा, "आपल्याला कोन काढनार? आपन हायच कुटं!" ज्यांनी अजून पुस्तक घेतलं नव्हतं, त्यांनीही घेतलं. मिलिंद सर खूश. म्हणाले, "बघ अरुणा, वाचक किती जिवंत आहे." मी खाली घुमणाऱ्या मोटारीकडे बोट दाखवून काही ऐकू येत नाही असं भासवलं. फोनवर बोट दिसत नाही हे नंतर लक्षात आलं.

असं चाललेलं असताना एके दिवशी आप्पांचा फोन आला.

"दौंडचा रहीमचाचा काढा."

मी थबकले. रहीमचाचा म्हणजे पुस्तकातला मला सगळ्यात आवडणारा मजकूर. आप्पांनी पहिल्यांदा दूध विकायला नेलं ते एस.टी.च्या टपावर कॅन टाकून, दौंड स्टेशनला. तिथे कॅन उतरवताना आपटला, तळाला भोक पडलं, दूध वाहायला लागलं. गाडी यायची वेळ झालेली. स्टेशनबाहेर रहीमचाचा भांड्यांना कल्हई करायचे, डाग द्यायचे, म्हणजे भोकं झाळून बुजवायचे. त्यांनी पळत येऊन भोकावर अंगठा धरला. कुणाच्या तरी लग्नासाठी चकचकीत करून ठेवलेली पातेली पुढे ओढली, दूध त्यांत ओतायला लावलं, कॅनला डाग दिला आणि दूध परत भरून दिलं. गाडी मिळाली. ते दूध त्या दिवशी गेलं नसतं तर डेअरी झालीच नसती, असं आप्पांनी स्वतः लिहिलं होतं.

"त्यांनी काय केलं, आप्पा? ते तर वारलेत ना?"

"त्यांनी काय न्हाई केलं. त्यांच्या पोरानं केलं. युसूफनं. परवा त्याच्या पोरीचं लगीन हुतं. माईकवर माझं नाव तात्याच्या मागनं घेतलं."

हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. आमच्याकडच्या लग्नात एक माईकवाला असतो. पाहुणा मांडवात शिरला की तो ओरडतो, अमुक गावचे तमुक यांचे आगमन झालेले आहे, यजमानांच्या वतीने हार्दिक स्वागत. कुणाचं नाव कुणाच्या आधी आलं, यावर पुढची दोन वर्षं माणसं एकमेकांच्या दारात जात नाहीत.

"अहो, नाव माईकवाल्याने घेतलं असेल. तात्या आधी पोचले असतील."

"पोचू द्या की! थांबायचं माईकवाल्यानं."

"मग युसूफभाईंवर रागवा. त्यांच्या वडिलांना कशाला काढायचं?"

"युसूफ पुस्तकात न्हाईच. बापच हाय. मंग मी काढू कुनाला?"

मी मिलिंद सरांना फोन केला, त्यांनी चार चेअरमनांची आठवण करून दिली. मी मजकूर काढला. त्या जागी जे उरलं ते असं होतं: 'कॅनला भोक पडलं. मी जिद्द सोडली नाही. भोक बुजलं.' पुश केलं. त्या दिवशी मला चहा गोड लागला नाही, एवढं खरं.

चार-पाच दिवसांनी जिना चढून एक गृहस्थ आले. पांढरा शर्ट, डोक्यावर जाळीची टोपी, पिकलेली दाढी. दौंडहून एस.टी.ने आले होते. खिशातून मोबाईल काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला.

"ताई, ह्याच्यात कायतरी बिघाड झालाय. पान पडलंय."

"कुठलं पान?"

"माझ्या वडलांचं."

मी त्यांना बसायला खुर्ची दिली. युसूफभाईंचं दौंडला भांड्यांचं दुकान आहे. त्यांनी सांगितलं ते असं. वडिलांचा घरात एकही फोटो नाही. ते फोटो काढू द्यायचे नाहीत. अम्मी आता खूप थकली आहे, डोळ्यांनी दिसत नाही. पुस्तक आलं तेव्हापासून रोज संध्याकाळी दुकान बंद केलं की ते अम्मीजवळ बसून तेवढं पान वाचून दाखवायचे. ती ऐकायची आणि म्हणायची, असाच होता, दुसऱ्याच्या कामाला असाच पळायचा. मग जेवायची. एका संध्याकाळी त्यांनी पुस्तक उघडलं तर पान नाही.

"मग काय केलंत?"

"आठवतं तेवढं बोललो तोंडानं. पन तिला कळतंय. म्हनती, आज मधलं गाळलंस. रोज म्हनती. मला तर ध्यानात येत न्हाई काय गाळलं ते. ताई, तेवढं दुरुस्त करून द्या."

आता काय सांगायचं? मी सरळ सांगितलं. मोबाईल बिघडलेला नाही. मजकूर लेखकाने काढायला लावला आणि मी काढला. माईकचंही सांगितलं.

त्यांनी टेबलावरचा मोबाईल उचलून खिशात ठेवला. खाली मोटार घुमत होती. मग म्हणाले, "ताई, मी भांडं इकतो. इकल्यावर गिऱ्हाइकाशी माझं भांडन झालं, तर मी रातच्याला त्याच्या घरात घुसून कढईचं कान कापून आनत न्हाई."

मी म्हटलं, "आणत नाही ना. बरोबर आहे तुमचं."

माझ्याकडे प्रत्येक वेळची फाइल जपून ठेवलेली असते, हे आमच्या कामाचं पहिलं शिस्तीचं कलम. पहिल्या फाइलमधलं ते पान प्रिंटरवर काढून देते, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली.

"चोरून नको. गावाच्या समद्यांच्या पुस्तकात हुतं ते. तसंच पायजे. कागद घिऊन गेलो तर अम्मी इचारंल, बाकीच्यांच्यात काय ऱ्हायलं?"

मला राग आला. त्यांचा नाही, आमच्या बटणाचा. मी तिथल्या तिथे मिलिंद सरांना फोन लावला, त्यांनी ऐकून घेतलं, खूप वाईट वाटलं म्हणाले आणि लेखकाच्या परवानगीशिवाय एक अक्षर घालायचं नाही असं बजावलं. आप्पांना लावला तर त्यांनी उचलला नाही. आक्कांनी उचलला. म्हणाल्या, "चार दिस जाऊ द्या. आत्ता त्यांचं डोकं तापलंय."

युसूफभाईंना मी म्हटलं, "येत्या रविवारी न्हावऱ्यात डेअरीचा वर्धापनदिन आहे. मीही येणार आहे. मांडवाला दार नसतं. या आणि आप्पांशी समोरासमोर बोला."

"बोलावनं न्हाई."

"मी बोलावते," मी म्हटलं. माझा काय अधिकार होता कोण जाणे.

वर्धापनदिनाचा कार्यक्रम मिलिंद सरांच्या डोक्यातून निघाला होता. आप्पा स्टेजवरून आपल्या पुस्तकातलं एक प्रकरण वाचणार आणि मांडवातल्या सगळ्यांनी आपापल्या मोबाईलवर तेच पान उघडून सोबत वाचायचं. सामूहिक ई-वाचन. सर व्हिडिओ काढायला माणूस घेऊन आले होते. मांडव गच्च भरला होता. आक्का पुढच्या रांगेत, नवी साडी, हातात मोबाईल. तात्या मागे एका खांबाला टेकून उभे, आपल्याला काही फरक पडत नाही हे दाखवायला मुद्दाम लवकर आलेले. बायकांच्या बाजूला कडेच्या खुर्चीवर एक अगदी लहानशी म्हातारी बसली होती, डोक्यावरून पदर, हातात काठी. शेजारी युसूफभाई. अम्मीला आणलं होतं त्यांनी. म्हणाले, "तिला पटतच न्हाई पान काढलंय म्हनून. म्हनती, चल, त्या आप्पालाच इचारती."

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी आप्पांनी स्टेजवरून मला हाक मारली आणि आपला टॅब हातात दिला. "मॅडम, याचं चार्जिंग बघा वाईच. मधेच बंद नको पडायला."

मी बघितलं. चार्जिंग भरपूर होतं. वर कोपऱ्यात विमानाचं छोटं चित्र होतं. म्हणजे टॅब विमान मोडवर, नेट बंद.

"हे विमान कधी लावलं?" मी आक्कांना विचारलं.

"ते व्हय? प्रकाशनाच्या दिवशी सारखं टुंग टुंग वाजत हुतं मधी मधी. मी दाबलं ते. तवापासनं गप हाय बिचारं."

मी पुस्तक उघडलं. म्हशीचं पान काढलं. तात्या शेपूट धरून उभे होते.

म्हणजे सगळ्या गावाच्या मोबाईलमध्ये रोज माणसं येत-जात होती आणि लेखकाच्या टॅबवर पहिल्या दिवसाचं पुस्तक जसंच्या तसं होतं. आप्पांनी ते परत उघडून पाहिलंच नव्हतं. आपण लिहिलेलं पुन्हा कोण वाचतो?

नेट चालू करून टॅब ताजा करायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. पण मला फक्त चार्जिंग बघायला सांगितलं होतं. चार्जिंग चांगलं होतं. मी आवाज कमी-जास्त करून पाहिला, काच पदराने पुसली आणि टॅब परत दिला.

आप्पांनी चष्मा लावला, माईकवर फुंकर मारली आणि सुरू केलं. आवाज त्यांचा खणखणीत. घोड नदीचं पाणी, काठावरची माणसं, मधोमध अडकलेली म्हैस. मांडव मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला.

"मी गळ्यातला दोर धरला," आप्पा वाचत होते, "आणि माझा जिवाभावाचा दोस्त तात्या, यानं पाण्यात उडी घेऊन शेपूट धरली."

चारशे डोकी एकदम वर झाली असतील.

"आप्पा, आमच्यात तात्या न्हाई!" एक जण ओरडला.

"आमच्यात शेपूट तुमच्याच हातात हाय!"

"नीट बघा की," आप्पा चिडले. "तुमची फोनं जुनी असतील."

खांबाजवळचे तात्या सरळ उभे राहिले होते. आप्पा आता रंगात आले होते, त्यांना थांबवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. म्हशीनंतर कबड्डी. कबड्डीत सगळे गडी परत मैदानात. ज्याचं नाव येईल तो जागेवर उठून उभा राही, लोक टाळ्या वाजवत. भावकीतले तिघे एकदमच उठले. मिलिंद सर माझ्याजवळ सरकले आणि कानात म्हणाले, "अरुणा, हे कुठलं व्हर्जन आहे?"

"पहिलं, सर."

"थांबव ना."

"आप्पांना दुखवू नका सर. चार चेअरमन आहेत मागे."

मग लग्न आलं. आप्पांनी मामांचं नाव घेतलं, स्थळ कसं आलं ते वाचलं. तेवढ्यात आक्का मोबाईल हातात धरून उभ्या राहिल्या.

"थांबा. ह्यात लिव्हलंय, मी शेतातून घरी आलो आणि माझं लग्न झालं. मी कुटनं आले मंग? बांधावर उगावले व्हय?"

मांडव हसून लोळायचा बाकी राहिला. आप्पा गोंधळले. टॅब बघितला, आक्कांकडे बघितलं, पुन्हा टॅब बघितला. माणूस गोंधळला की सवयीने पुढे वाचत राहतो, तसे ते पुढचं प्रकरण वाचू लागले. एस.टी.चा टप. दौंड स्टेशन. आपटलेला कॅन.

"कल्हईवाला रहीमचाचा पळत आला," आप्पा वाचत होते. आवाज आपोआप खाली आला होता. "त्यानं भोकावर अंगठा धरला. मला म्हणाला, रडू नको, ती पातेली ओढ. दुसऱ्याच्या लग्नाची पातेली. मी म्हणालो, गिऱ्हाईक काय म्हणेल? तो म्हणाला, गिऱ्हाइकाला मी बघतो, तू दूध बघ."

हसणं थांबलं होतं. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"डाग दिल्यावर मी विचारलं, पैसे किती? तर हात झटकून म्हणाला, आधी दूध पोचव, मग बोलू. मी पुढच्या खेपेला गेलो तर म्हणाला, कसले पैसे?"

तेव्हा कडेच्या खुर्चीवरून त्या म्हातारीचा बारीक, पण ठाम आवाज आला.

"हेच! हेच गाळत हुता युसूफ. 'कसले पैशे' म्हनला हुता ह्याचा बाप. घरी आल्यावर मी भांडले हुते त्याच्याशी."

युसूफभाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मलाही पुढचं नीट दिसेना, हे लिहायला मला लाज नाही.

आप्पा स्टेजवरून उतरले. वय विसरून तरातरा चालत म्हातारीपाशी गेले आणि वाकले. "चाची, तुमी आलाय हे सांगितलं न्हाई कुनी."

"माईकवाला न्हवता," म्हातारी म्हणाली.

"आप्पा, आमच्यात चाचाचं पान पन न्हाई!" मागून एक जण ओरडला. आप्पा ताठ झाले. मांडवाकडे वळून गरजले, "रहीमचाचाचं पान लोकांच्यातनं काढलं कुनी? माझ्या पुस्तकात फेरफार करायची हिंमत कुनाची झाली?"

सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. मिलिंद सर व्हिडिओवाल्याच्या मागे गेले.

"तुम्हीच सांगितलंत, आप्पा," मी म्हटलं. "फोन करून."

"मी सांगितलं म्हनून तुमी काढलं?"

"मग काय करणार? तुम्ही लेखक."

"अवो मॅडम, मी रागात हजार गोष्टी सांगतो! गडी कामावरनं काढ म्हनतो, बैल बाजारात नेऊन इक म्हनतो, परवा हिला माहेरी जा म्हनलो. गेली का ही? गडी गेला का? बैल इकला का कुनी? कोन ऐकतं का माझं? तुमी एकट्याच कशा काय ऐकता?"

आक्का माझ्या बाजूने बोलल्या, "त्यांचं काय चुकलं? त्यांना बटन हाय."

त्याच मांडवात बसून, लॅपटॉप मांडीवर घेऊन, पहिल्या दिवसाची फाइल मी पुन्हा पुश केली. आप्पा माझ्या डोक्यावर उभे होते. दहा बाजूंनी मोबाईल वाजू लागले, आला, माझ्यात आला, माझ्यात पन आला, असा गलका झाला. तात्या गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आले. वाटलं, आभार मानणार.

"मॅडम, एक दुरुस्ती. शेपूट न्हाई, मी शिंगं धरली हुती."

"दुसऱ्या आवृत्तीत बघू," मी म्हटलं आणि लॅपटॉप मिटला.

न्हावऱ्यात पुढे काही दिवस लोकांना करमेना, असं मावसबहीण सांगते. सकाळी रांगेत मोबाईल उघडायचे, सगळे जागच्या जागी असायचे, बोलायला काही उरायचं नाही. शेवटी परत उसाच्या तोडीवर आले. मिलिंद सरांनी टर्म्समध्ये एक ओळ घातली, विकलेल्या पुस्तकात फक्त चुका सुधारल्या जातील. माणूस ही चूक धरायची का, ते लिहिलेलं नाही. ते चार चेअरमन मात्र अजून आत्मचरित्र घेऊन येताहेत.

युसूफभाईंचा त्या रविवारी रात्री मेसेज आला होता. अम्मीने घरी जाऊन पुन्हा वाचायला लावलं. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, आता बरोबर वाचलंस, जेवायला वाढ. खाली त्यांनी विचारलं होतं, ते विमानाचं चित्र कुठं असतं? मी सांगितलं. आता दुकान बंद झाल्यापासून अम्मी झोपेपर्यंत त्यांचा फोन लागत नाही.

मी काय शिकले म्हणाल तर एवढंच. लेखकाचा सकाळी फोन आला आणि कुणाला तरी काढा म्हणाला, की मी आधी विचारते, घरात सांगितलंत का? घरच्यांनी ऐकलं असेल, तरच मी ऐकते. अजून एकालाही काढावं लागलेलं नाही.